खारपाण, कोळंबी आणि एन. के. पणिक्कर : समुद्री शेतीचं कोडं प्रयोगशाळेत सोडवायला बसलेल्या माणसाची गोष्ट

बुलढाणा जिल्हा आणि समुद्री मासे, हे दोन शब्द एका वाक्यात आले की कुणालाही हसू येईल. समुद्र कुठे, बुलढाणा कुठे. इथून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पोचायचं तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते.

पण मीठ मात्र या जिल्ह्याला नवीन नाही. एका टोकाला लोणारचं सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, हे नंतर तपासणीत कळलं. दुसऱ्या टोकाला पूर्णा नदीचं खोरं आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातल्या माणसाला खारपाणपट्टा म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही आणि धड पिताही येत नाही. जमिनीखाली पाणी असूनही कोरडवाहू शेती करायची, हे त्या भागाचं जुनं दुखणं आहे.

आता अलीकडे हरियाणा, पंजाब, राजस्थानमधले व्हिडिओ फिरतात. शेतात तळं खोदलेलं, त्यात जमिनीतलं खारं पाणी भरलेलं आणि त्यातून जाळीभर कोळंबी निघतेय. समुद्रातली कोळंबी, समुद्रापासून हजार किलोमीटरवर. ते बघून खारपाणपट्ट्यातल्या तरुणाला प्रश्न पडणं साहजिक आहे, की आपल्याकडे हे का होऊ नये?

त्या प्रश्नाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. समुद्रातला जीव कमी खाऱ्या किंवा वेगळ्या खाऱ्या पाण्यात जगतो तरी कसा? दुसरं महायुद्ध सुरू असताना एक भारतीय तरुण इंग्लंडच्या किनाऱ्यावर बसून नेमकं हेच मोजत होता. त्याचं नाव एन. केशव पणिक्कर.

पणिक्कर यांचं नाव आज सागरविज्ञान शिकणाऱ्यांना माहीत असतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे दोना पावलाला जाताना दिसणारी एनआयओ, तिचे ते पहिले संचालक. पण एनआयओच्या आधीचे पणिक्कर जास्त रंजक आहेत.

मद्रासची घाणेरडी खाडी आणि एक विद्यार्थी

पणिक्कर यांचा जन्म १९१३ चा, त्रावणकोर संस्थानातला, म्हणजे आजच्या केरळमधला. केरळात समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये एक तिसरा प्रकार असतो, तो म्हणजे बॅकवॉटर. भरतीला खारं, पावसाळ्यात गोडं, मधल्या काळात निमखारं पाणी. कोकणातल्या माणसाला खाडी म्हटलं की जे चित्र दिसतं, तेच थोडं पसरून बघा.

त्रावणकोर-कोचीनच्या बाजूला या पाण्यावर एक जुनी शेती चालायची. पावसाळ्यात क्षार धुऊन गेले की बांधाच्या आत भात लावायचा. भात कापलं की बांधाची दारं उघडायची. भरतीबरोबर कोळंबीची बारीक पिल्लं आपोआप आत येतात, दार लावून घ्यायचं, काही महिने ती वाढू द्यायची आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर जाळीत पकडायची. या जमिनींना पोक्कळी म्हणतात. रायगडच्या खारबंदिस्तीत उघाडी बघितलेल्या किंवा गोव्याच्या खाजनात मानस बघितलेल्या माणसाला यात काही परकं वाटणार नाही. पेण-अलिबागकडे गावतळ्यात जिताडा सोडून वाढवायची पद्धतही याच घराण्यातली.

म्हणजे समुद्री जीवांची शेती आपल्याकडे पूर्वीपासून होती. पण तिच्यामागचं शास्त्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पिल्लं येतात हे माहीत, का येतात हे माहीत नाही. एखाद्या वर्षी मरतात हे माहीत, कशाने मरतात हे माहीत नाही.

पणिक्कर शिकायला मद्रासला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. आर. गोपाल अय्यर हे तिथले ज्येष्ठ प्राध्यापक. विषय निवडला तोही शहरातला, अड्यार आणि कूवम नद्यांच्या मुखाजवळचं निमखारं पाणी. परदेशी प्रवाळबेटं वगैरे काही नाही, शहराच्या कडेची खाडी.

तिथे एक नाट्य दरवर्षी घडायचं. उन्हाळ्यात नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार व्हायचा, समुद्राशी संबंध तुटायचा, पाणी आटत जायचं. ईशान्य मोसमी पाऊस आला की पुराचं गोडं पाणी सगळं धुऊन न्यायचं, वाळूचा बांध फुटायचा आणि मग पुन्हा समुद्र आत शिरायचा. एवढ्या उलथापालथीत काही प्राणी मरून जायचे, काही टिकायचे, काही नव्याने यायचे. कोण टिकतं आणि कोण नाही, याची पणिक्कर आणि गोपाल अय्यर यांनी नोंद केली. मद्रासच्या निमखाऱ्या पाण्यातल्या जीवसृष्टीवरचा त्यांचा निबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी पणिक्कर यांनी अशाच पाण्यात राहणाऱ्या एका समुद्रफुलाची नवी जात शास्त्रात नोंदवली होती.

यादी करून झाली की खरा प्रश्न सुरू होतो. टिकणारे टिकतात कसे?

काकडीची कोशिंबीर आणि कोळंबीचं रक्त

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं. उलट मनुका साध्या पाण्यात टाकला की फुगतो. पातळ पडद्याच्या एका बाजूला मीठ किंवा साखर जास्त असेल, तर पाणी त्या बाजूला ओढलं जातं. शाळेत याला परासरण म्हणून शिकवतात.

जलचर प्राण्यासाठी हा परीक्षेचा प्रश्न नसतो, जगण्यामरण्याचा असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रातला प्राणी एकदम गोड्या पाण्यात आला, तर बाहेरचं पाणी शरीरात घुसत राहतं आणि शरीरातले क्षार बाहेर झिरपत राहतात, म्हणजे त्याचा मनुका होतो. गोड्या पाण्यातला प्राणी समुद्रात टाकला तर त्याची काकडी होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सोपा, बाहेर जेवढं मीठ तेवढंच रक्तात ठेवायचं, भांडणच नको. समुद्रातले कितीतरी साधे प्राणी हेच करतात. पण मग बाहेरचं पाणी बदललं की त्यांची पंचाईत. दुसरा उपाय खर्चिक आहे. बाहेर काहीही असो, रक्तातली क्षारता ठरावीक पातळीवर धरून ठेवायची. त्यासाठी कल्ल्यांमधल्या पेशींना सतत पंप चालवावा लागतो, कधी क्षार आत ओढायचे, कधी बाहेर फेकायचे. ऊर्जा लागते, म्हणजे शेवटी खाद्य लागतं.

पणिक्कर इंग्लंडला गेले आणि प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेशी त्यांचं काम जोडलं गेलं. प्लिमथ हे त्या काळी सागरी जीवशास्त्राचं मोठं ठिकाण होतं. तिथे त्यांनी पॅलेमोनिड नावाच्या कुळातली कोळंबी घेतली. याच कुळात आपल्याकडची गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला बाजारात पोचा किंवा जम्बो कोळंबी म्हणतात, तीही येते. वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात कोळंबी ठेवायची आणि तिच्या रक्तातली क्षारता मोजायची, असं ते काम होतं.

निष्कर्ष मजेशीर निघाला. पातळ पाण्यात ही कोळंबी आपलं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त खारट ठेवत होती, हे कळण्यासारखं होतं. पण पूर्ण समुद्राच्या पाण्यातही ती गप्प बसत नव्हती. तिथे तिचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारट होतं. म्हणजे समुद्रात राहूनही ती समुद्राशी पूर्ण जुळवून घेत नव्हती. दोन्हीकडे पंप चालू.

पणिक्कर यांनी यातून एक धाडसी अनुमान काढलं. या कोळंबीचे पूर्वज कदाचित कमी खाऱ्या पाण्यातले असावेत, आणि ही मंडळी नंतर पुन्हा समुद्राकडे गेली असावीत. जुन्या घराची सवय रक्तात राहिली, अगदी शब्दशः.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी उबदार असलं तर पातळ पाण्यात तग धरणं या प्राण्यांना सोपं जातं, असं त्यांना आढळलं. युरोपच्या थंड खाड्यांपेक्षा भारतासारख्या उष्ण देशातल्या खाड्यांत आणि नद्यांत कोळंबी-खेकड्यांचे इतके प्रकार का दिसतात, याचं एक कारण त्यांनी इथे शोधलं. ही छोटी टिपणं १९४० मध्ये नेचर या साप्ताहिकात आली आणि सविस्तर निबंध १९४१ मध्ये ब्रिटनच्या सागरी जीवशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापला गेला. युद्धात त्याच वर्षी प्लिमथ शहरावर जर्मन विमानांनी प्रचंड बॉम्बफेक केली होती. त्या काळात कोळंबीच्या रक्ताचा निबंध छापून येतो, हेही विशेषच म्हणायचं.

या निबंधाचा आजही दाखला दिला जातो. कोळंबी संवर्धनाच्या पुस्तकात क्षारनियमनाचं प्रकरण उघडलं की पणिक्कर हे नाव सुरुवातीलाच भेटतं.

रामेश्वरमच्या अलीकडचं मंडपम

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशापुढे सगळ्यात मोठा प्रश्न अन्नाचा होता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ताजा होता. धान्य कमी, प्रथिनं त्याहून कमी. हजारो किलोमीटरचा किनारा असलेल्या देशाला आपल्या समुद्रात किती मासे आहेत, ते कधी येतात, कधी जातात, याचा हिशोबच नव्हता. म्हणून ३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन केंद्र सुरू झालं. आज आपण जिला सीएमएफआरआय म्हणतो, ती हीच संस्था. सुरुवातीचा संसार मद्रास विद्यापीठातच होता. नंतर ती मंडपम कॅम्पला गेली.

रामेश्वरमला गेलेल्या मराठी यात्रेकरूंनी मंडपम बघितलेलं असतं, फक्त लक्षात राहिलेलं नसतं. पांबनचा पूल सुरू व्हायच्या आधीचं हे शेवटचं मोठं ठिकाण. एका बाजूला मन्नारचं आखात, दुसऱ्या बाजूला पाल्कचा उपसागर. उकाडा, वाळू, वारा, आणि संशोधनासाठी म्हणाल तर दोन्ही हातांना वेगवेगळा समुद्र.

पणिक्कर या केंद्रात आले आणि १९५० च्या दशकात बराच काळ, १९५७ पर्यंत, त्याचे प्रमुख होते. प्रयोगशाळेतलं काम त्यांनी सोडलं नव्हतं. १९४८ मध्ये आर. विश्वनाथन यांच्याबरोबर त्यांचं आणखी एक टिपण नेचरमध्ये आलं. या वेळी कोळंबी प्लिमथची नव्हती, भारतीय किनाऱ्यावरची, खाडीत वाढणारी होती. ती क्षारांचं नियमन सक्रियपणे करते हे त्यात दाखवलं होतं. पोक्कळीच्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या जे दिसत होतं, त्याचं शरीरशास्त्र आता हाताला लागत होतं.

या कोळंबीचं जीवनचक्र मुळातच दोन घरांचं आहे. मोठी कोळंबी समुद्रात अंडी घालते. पिल्लं तरंगत किनाऱ्याकडे येतात, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात, चिखलात, तिवरांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. क्षारांचा पंप तिच्या कामाला येतो तो इथे. आणि शेतकऱ्याला संधी मिळते तीही इथेच, मधल्या मुक्कामात.

१९५२ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात पणिक्कर यांनी भारतात मासे आणि कोळंबी यांचं संवर्धन आणखी कसं वाढवता येईल, यावर लेख लिहिला. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण त्या काळी मत्स्यविकास म्हणजे मोठ्या होड्या, यांत्रिक इंजिनं, मोठी जाळी असंच समीकरण होतं. समुद्रातून जास्त काढायचं, एवढंच. समुद्रातला जीव आपण वाढवायचा, ही कल्पना बहुतेकांच्या यादीत नव्हती.

मंडपमला तिचा प्रयोगही झाला. तिथे लगूनच्या कडेला खाऱ्या चिखलाची पडीक जमीन होती. मीठ इतकं की गवत उगवत नाही. खारपाणपट्ट्याशी तुलना करायची तर मातीचा प्रकार वेगळा, पण पडीकपणा सारखाच. त्या जमिनीत तळी काढून, समुद्राचं पाणी घेऊन मासे वाढवता येतात का, हे संस्थेचे पी. आर. एस. टाम्पी यांनी तपासलं. पाहुणा मासा होता दूधमासा, म्हणजे चानोस. तो शाकाहारी आहे, शेवाळावर वाढतो, खारटपणा सोसतो. त्याचं बियाणं रामेश्वरमच्या आसपासच्या किनाऱ्यावर सापडायचं. या कामाचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्री मत्स्यशेतीतला एक प्रयोग, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलेलं होतं.

अडचणीही तिथेच कळल्या. उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी उडून जायचं आणि उरलेलं समुद्राहून खारट व्हायचं. चिखल नापीक, त्यामुळे शेवाळ कमी, त्यामुळे माशाला खाद्य कमी. आणि सगळ्यात मोठी अडचण बियाण्याची. पिल्लं किनाऱ्यावर मिळाली तर शेती, नाही मिळाली तर तळं रिकामं. ज्याला कोंबडीचं अंडं उबवता येत नाही, रानात सापडतील तेवढीच पिल्लं पाळायची आहेत, अशा माणसाचा पोल्ट्री फार्म कसा चालेल? तशी ही अवस्था होती.

समुद्री मासा कैदेत अंडी घालत नाही, घातलीच तर त्यातून निघणारं पिल्लू केसाच्या टोकाएवढं असतं आणि त्याला पहिल्या दिवसापासून जिवंत, तरंगणारं, त्याहून बारीक खाद्य लागतं. हे कोडं सुटल्याशिवाय समुद्री मत्स्यशेतीला अर्थ नव्हता. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवून दाखवली होती. भारतात ते व्हायला अजून वेळ होता.

शेती मागे, समुद्र पुढे

इथून पणिक्कर यांचं आयुष्य वळलं. १९५७ नंतर ते दिल्लीत केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार झाले. मत्स्यविज्ञानाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्था, सीआयएफई, मुंबईत १९६१ मध्ये सुरू झाली ती याच काळातली. आज वर्सोव्यात असलेली हीच संस्था, पुढे बुलढाण्याच्या गोष्टीत परत येणार आहे.

मग आली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या मोठ्या महासागरांपैकी सगळ्यात कमी अभ्यासलेला महासागर होता हिंदी महासागर. अनेक देशांची मिळून ४० हून जास्त जहाजं या मोहिमेत उतरली. ती १९६५ पर्यंत चालली. भारताच्या बाजूच्या कार्यक्रमाची धुरा पणिक्कर यांच्याकडे आली.

भारताकडे खास संशोधनासाठी बांधलेलं मोठं जहाज नव्हतं. नौदलाची महायुद्धकाळातली युद्धनौका आयएनएस कृष्णा या कामाला लावली गेली. सोबत वरुणा, कॉन्च आणि बांगडा ही छोटी जहाजं. होय, बांगडाच. एवढ्या सामग्रीवर मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणारे प्रवाह, खालून वर येणारं थंड पोषक पाणी आणि त्या पाण्यावर पोसलं जाणारं प्लवक, यांचा अभ्यास झाला.

प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव. सगळ्या देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या जाळ्यांनी गोळा केलेलं प्राणिप्लवक कुठेतरी एकत्र करून निवडायचं होतं. युनेस्कोच्या मदतीने त्यासाठी कोचीनला केंद्र उभं राहिलं. बरण्याच बरण्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करत बसलेले तरुण संशोधक. तांदूळ निवडण्यासारखं काम, फक्त तांदूळ दिसत नाहीत. त्यातून निघालेल्या प्लवकाच्या नकाशांचे संपादक पणिक्कर होते, आणि ते १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोणत्या समुद्रात माशांना खाद्य जास्त, हे या नकाशांवरून पहिल्यांदा नजरेस आलं.

मोहीम संपली, पण माणसं, नमुने आणि सवय राहिली. ती विखुरली असती तर सगळं वाया गेलं असतं. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. मुख्यालय आधी दिल्लीत होतं. समुद्राचा अभ्यास दिल्लीत बसून करायचा हा प्रकार फार चालणार नव्हताच. मग ते गोव्यात आलं. १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्याला देशपातळीवरची एक विज्ञानसंस्था मिळाली.

हे सगळं मोठं काम आहे, यात शंका नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कोळंबीच्या रक्तापासून सुरू झालेला आणि १९५२ च्या लेखात शेतीपर्यंत पोचलेला धागा या सगळ्या धावपळीत सैल पडला. दोष एकट्या पणिक्कर यांचा नाही. देशाचंच लक्ष तेव्हा ट्रॉलरवर होतं. गोठवलेली कोळंबी अमेरिका आणि जपानला जायला लागली होती, समुद्र फुकटात देत असताना तळी कोण खोदणार? संस्था बांधणारा माणूस जितका वर जातो तितका सूक्ष्मदर्शकापासून लांब जातो, आणि पणिक्कर यांच्यासारखा प्रयोगकर्ता पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी बसला असता तर भारताची समुद्री शेती काही वर्षं आधी मार्गी लागली असती, असं वाटत राहतं.

पणिक्कर १९७७ मध्ये गेले. त्याच वर्षी त्यांच्याच संस्थेतल्या संशोधकांचा गोव्यातल्या एका प्रयोगावरचा निबंध प्रसिद्ध झाला. तराफ्यांना दोर टांगून त्यावर शिनाणे, म्हणजे हिरव्या शिंपल्या, वाढवण्याचा तो प्रयोग होता.

नंतर काय झालं

बियाण्याचं कोडं एकेका माशागणिक सुटत गेलं. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने जिताड्याचं प्रजनन कैदेत यशस्वी केलं. २०१० मध्ये मोडसा, ज्याला सकला किंवा कोबिया म्हणतात, तो सीएमएफआरआयच्या मंडपम केंद्रात पैदा झाला. होय, तेच मंडपम. आणि ज्या दूधमाशाच्या पिल्लांसाठी १९५० च्या दशकात किनारे धुंडाळावे लागले, तो भारतात कैदेत पैदा व्हायला २०१५ साल उजाडलं.

कोळंबीचा मात्र नव्वदच्या दशकात जुगार झाला. किनाऱ्यांवर बेसुमार तळी खोदली गेली. मग पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आला आणि तळीच्या तळी साफ झाली. शेजारच्या भातशेतीत, विहिरीत खारं पाणी झिरपल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीतल्या अशा शेतीवर कडक निर्बंध घातले.

आता परत हरियाणाच्या व्हिडिओकडे. रोहतकजवळ लाहलीला सीआयएफईचं केंद्र आहे, जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात मत्स्यशेती करण्यावर तिथे काम झालं. सुरुवातीला एक चक्रावणारी गोष्ट दिसते. मीटरवर खारटपणा बरोबर, तरी कोळंबी मरते. कारण खारटपणा सारखा असला तरी मीठ सारखं नसतं. समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर ठरावीक प्रमाणात पोटॅशियमही असतं, साधारण २८ भागांना १ भाग. जमिनीतून वर येताना ते पोटॅशियम चिकणमाती धरून ठेवते. पाणी खारं राहतं, पोटॅशियम गायब.

आणि पणिक्कर यांनी ज्याचा परिणाम मोजला तो कल्ल्यांमधला पंप चालतोच सोडियम आणि पोटॅशियमच्या देवघेवीवर. एक मिळालं नाही की पंप अडतो, कोळंबी सुस्तावते, कात टाकताना मरते. उपाय म्हणून तळ्यात पोटॅश टाकतात. शेतकरी कपाशीला टाकतात तेच, म्युरिएट ऑफ पोटॅश.

म्हणजे बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात कोळंबी वाढेल का, या प्रश्नाचं उत्तर नुसत्या खारट चवीवरून देता येत नाही. बोअरच्या पाण्याची क्षारता किती, त्यात सोडियमच्या तुलनेत पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे प्रयोगशाळेतून आधी कळायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यात हे आकडे गावागावात, खोलीखोलीला बदलतात. थंडीत रात्रीचं तापमान उतरलं की कोळंबीची वाढ मंदावते. कमी तापमानात तिला पातळ पाणी जड जातं, हे १९४० मध्येच लिहून झालंय.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा तळ्यातून बाहेर सोडायच्या पाण्याचा. हंगाम संपल्यावर ते खारं पाणी कुठे सोडणार? जिथे आधीच जमीन चोपण झालीय, तिथे शेजाऱ्याच्या हरभऱ्यात आणखी मीठ गेलं तर भांडण तहसीलपर्यंत जायला वेळ लागणार नाही. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. त्यामुळे तळ्याला अस्तर, बांधाची उंची आणि वापरलेलं पाणी पुन्हा वापरायची सोय, यांचा खर्च बियाण्याच्या आणि खाद्याच्या खर्चाआधी कागदावर यावा लागतो.